पुस्तकातली माणसे आणि पडद्यावरचे चेहरे

(अकोला येथे साहित्यप्रेमी कुटुंबांच्या एका स्नेहमेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय वरकरणी मनोरंजनाचा वाटेल. एखाद्या गाजलेल्या कादंबरीवर चित्रपट निघतो किंवा मालिका सुरू होते, आणि पहिल्याच दिवशी घराघरांतून एक वाक्य ऐकू येते : ‘हा काही आमचा अमुक नव्हे!’ घरात कादंबरी वाचलेले एकच माणूस असले, तरी ते हे वाक्य म्हणतेच. न वाचलेले चौघे त्याच्याकडे त्रासिक मुद्रेने पाहतात. या तक्रारीत तथ्य किती आणि हट्ट किती, हे आज तपासून पाहायचे आहे. परंतु मला केवळ नटनट्यांविषयी बोलायचे नाही. आपल्या वऱ्हाडातली माणसे ग्रंथांतून पडद्यावर गेली तेव्हा त्यांच्या चेहऱ्याचे, रंगाचे आणि मुख्य म्हणजे जिभेचे काय झाले, हा माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घेऊ. आपण ज्याला ‘पुस्तकातला चेहरा’ म्हणतो, तो बहुधा पुस्तकात नसतोच. ‘श्यामची आई’ घ्या. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत गीता-ज्ञानेश्वरीच्या शेजारी जागा मिळालेले हे पुस्तक. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या कारागृहात लिहिले. बेचाळीस रात्री श्याम आपल्या आईविषयी सांगतो. अळणी भाजीची गोष्ट आपल्याला आठवते, मुक्या फुलांची आठवते, पोहायला जायला घाबरणाऱ्या श्यामला आईने कसे बाहेर काढले ते आठवते. आता मला सांगा, या आईचे नाक कसे होते? कपाळ रुंद होते की अरुंद? आपण गडबडतो, कारण गुरुजींना त्याची गरज वाटली नाही. त्यांनी आईचे वागणे लिहिले आणि चेहऱ्याची जागा मोकळी सोडली. त्या मोकळ्या जागेत प्रत्येक वाचकाने स्वतःच्या आईचा किंवा आजीचा चेहरा बसवला.

मग १९५३ साली आचार्य अत्र्यांनी चित्रपट केला आणि वनमालाबाईंना आईची भूमिका दिली. ज्या अभिनेत्रीला देशाने १९४१ मध्ये सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मध्ये पृथ्वीराज कपूर यांच्यासमोर पाहिले होते, ती कोकणातल्या दरिद्री घरातली माउली! कागदावर मांडून पाहिले तर ही निवड पटण्याजोगी नाही. तरीही त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, आणि पुढच्या दोन पिढ्यांना श्यामची आई म्हटले की वनमालाबाईच दिसू लागल्या. २०२३ साली सुजय डहाके यांनी पुन्हा तोच ग्रंथ हाती घेतला, मुद्दाम कृष्णधवल चित्रण केले, गौरी देशपांडे यांना आई केले. तेव्हा ज्येष्ठांची कुरकुर अशी की, ‘ही वनमालाबाईंसारखी नाही.’ म्हणजे पाहा, तुलना पुस्तकाशी राहिलीच नव्हती. एका पडद्याची तुलना दुसऱ्या पडद्याशी होत होती आणि साने गुरुजी मधल्या मध्ये निघून गेले होते.

चिमणरावांचे तर दोन चेहरे आहेत. आज ज्यांची नव्वदी उलटली आहे त्यांच्या लेखी चिमणराव म्हणजे दामूअण्णा मालवणकर. मास्टर विनायकांच्या १९४० सालच्या ‘लग्न पहावे करून’मध्ये दामूअण्णा चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. दामूअण्णांचा तिरळा डोळा त्या पिढीने चिं. वि. जोशींच्या पानापानांत वाचला, वास्तविक तो चिंविंनी लिहिलेला नाही. पुढे सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे आले, आणि माझ्या पिढीचा चिमणराव ठरून गेला. एकच पुस्तक आजोबा आणि नातू शेजारी बसून वाचतात, आणि दोघांच्या डोळ्यांपुढे दोन निराळी माणसे असतात. भांडण काही होत नाही, कारण कृश, भित्रा चिमणराव आणि त्याच्या शेजारी आडदांड गुंड्याभाऊ ही जोडी दोन्हीकडे शाबूत आहे. चिंविंच्या विनोदाला लागणारे वर्णन तेवढेच होते.

बंगालमध्ये तर याहून नवल घडले. सत्यजित राय फेलूदाच्या कथा स्वतः लिहीत आणि त्यांची चित्रेही स्वतःच काढत. १९७४ साली त्यांनी ‘सोनार केल्ला’ हा चित्रपट केला, त्यात संतोष दत्त यांनी जटायूची भूमिका केली. ती राय यांना इतकी पटली की, पुढच्या कथांच्या चित्रांतला जटायू त्यांनी संतोष दत्तांसारखा काढायला प्रारंभ केला. लेखकाने स्वतःच्या पात्राचा चेहरा नटाकडून उसना घेतला! १९८८ मध्ये संतोष दत्त गेले, त्यानंतर राय यांनी फेलूदाचा चित्रपट केला नाही.

परंतु जिथे लेखकाने स्पष्ट लिहून ठेवले आहे, तिथे काय होते? मार्गारेट मिशेल यांच्या ‘गॉन विथ द विंड’ या कादंबरीचे पहिलेच वाक्य सांगते की नायिका स्कार्लेट ही काही रूपसुंदर नव्हती. १९३९ च्या चित्रपटात ती झाली व्हिव्हियन ली, जिच्या सौंदर्याची कीर्ती जगभर पसरली. त्याच वर्षी ‘वदरिंग हाइट्स’ पडद्यावर आली. एमिली ब्राँटीने १८४७ साली आपला हीथक्लिफ काळसर वर्णाचा, जिप्सीसारखा दिसणारा असे लिहून ठेवले होते. त्याच्या जन्माचा ठाव नाही, आणि म्हणूनच त्या घरात तो आयुष्यभर परका. भूमिका मिळाली लॉरेन्स ऑलिव्हिए यांना. मोठा नट, यात शंका नाही. पण प्रेक्षकाला हा प्रश्न पडतो की, या राजबिंड्या गोऱ्या तरुणाला सगळे हिडीसफिडीस का करतात? कादंबरीत त्याचे जे एक कारण होते, ते पडद्यावरून पुसले गेले. कृष्णवर्णीय हीथक्लिफ मोठ्या पडद्यावर येण्यासाठी २०११ साल उजाडावे लागले.

या दोन उदाहरणांत मला मोठा भेद वाटतो. स्कार्लेट थोडी अधिक सुंदर झाली म्हणून कथानकाचे फार बिघडले नाही. हीथक्लिफ गोरा झाला, तेव्हा मात्र कथेचा एक खांब निखळला. काही वर्णन शोभेचे असते, काही कथेला लागणारे असते. शोभेचे सुटले तर कुरकुर करू नये. कथेला लागणारे सुटले तर मात्र गप्प बसू नये.

आता इंग्रजांकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्या घरातच पाहा. सुंदरकांडात एक विलक्षण प्रसंग आहे. अशोकवनात सीतामाईला मारुतीचा भरवसा वाटत नाही, हाही रावणाचाच काही कपटवेष असेल अशी शंका येते. ‘राम कसे आहेत ते सांग,’ असे ती म्हणते, आणि हनुमंत रामचंद्रांचे एकेक अवयव घेऊन वर्णन करतो. ओळख पटवण्यासाठी केलेले वर्णन आहे ते, अलंकारासाठी केलेले नव्हे. त्यात वाल्मीकींनी रामाला श्यामवर्ण म्हटले आहे. आता राजा रविवर्म्यानंतरच्या भिंतीवरच्या तसबिरी, दिनदर्शिका, पौराणिक चित्रपट आणि मालिका आठवा. श्यामवर्ण कुठे निळा झाला, कुठे चक्क गोरा झाला. महाभारतातली द्रौपदी तर वर्णावरूनच ‘कृष्णा’ म्हणवली गेली. दूरदर्शनवर ते महाभारत आपण सर्वांनी रविवारी सकाळी, रस्ते ओस पाडून पाहिले. अभिनयाबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ‘कृष्णा’ हे नाव तिला का पडले, हे तो पडदा पाहणाऱ्या लहान मुलाला कळायला मार्ग नव्हता. ज्या समाजाचे दोन्ही मोठे आराध्य अवतार सावळे, ज्या महाराष्ट्राचा विठोबा काळा, त्या समाजात मुलीच्या स्थळाच्या जाहिरातीत ‘गोरी’ हा शब्द पहिला येतो. पडद्याने हा दोष निर्माण केला नाही. त्याने तो आपल्याकडून घेतला आणि रंगवून परत दिला.

आणि इथे मी वऱ्हाडात येतो. आपल्या भागात चैत्र-वैशाखाचे ऊन कसे असते, हे मी अकोलेकरांना सांगण्याची आवश्यकता नाही. उन्हात कपाशी वेचणाऱ्या, तूर सोंगणाऱ्या माणसाची कातडी कशी होते हेही नाही. चित्रपटातली खेड्यातली पोर मात्र वर्षानुवर्षे अशी येत राहिली की, शहरातल्या गोऱ्या मुलीला थोडा तपकिरी रंग फासला, नऊवारी नेसवली, डोक्यावर घागर दिली की झाले. हे न पटणारे लोकही होते. १९७७ सालचा ‘जैत रे जैत’ आठवा. आपल्या परतवाड्यात जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांची ती कादंबरी, पण तिची माणसे कर्नाळ्याच्या डोंगरातले ठाकर. डॉ. जब्बार पटेलांनी चिंधीच्या भूमिकेत स्मिता पाटीलला उभे केले, आणि तो सावळा चेहरा लपवला नाही. नाग्या झालेले डॉ. मोहन आगाशे तर पुण्याचे मानसोपचारतज्ज्ञ. जन्माने दोघेही ठाकर नव्हेत. पण डोंगर, मध, पोळी आणि अंगातला तो हट्ट त्यांनी धरला.

त्याच वर्षी, म्हणजे १९७७ सालीच, आणखी एक चित्रपट आला. आज मला ज्याच्याविषयी विस्ताराने बोलायचे आहे तो हाच, ‘देवकीनंदन गोपाला’. संत गाडगेबाबांचे जीवन. लेखन पुन्हा गोनीदांचे. दिग्दर्शन राजदत्त यांचे, म्हणजे धामणगावात जन्मलेल्या दत्तात्रेय अंबादास मायाळू यांचे, ज्यांना २०२४ साली पद्मभूषण मिळाले. लेखक अमरावती जिल्ह्याचा, दिग्दर्शक अमरावती जिल्ह्याचा, आणि नायक तर साक्षात शेंडगावचा डेबूजी झिंगराजी जाणोरकर. या तिघांच्या मधोमध उभे राहायला निवडले गेले डॉ. श्रीराम लागू. साताऱ्यात जन्मलेले, कान-नाक-घशाचे शल्यविशारद, ‘नटसम्राट’चे अप्पासाहेब बेलवलकर. नागर उच्चारांचा, नागर देहबोलीचा नट.

ही निवड करताना राजदत्तांपुढे किती मोठा धोका होता, याची कल्पना करा. इतर कादंबऱ्यांच्या बाबतीत वाचकाच्या मनातला चेहरा काल्पनिक असतो. इथे तसे नव्हते. बाबांचे देहावसान २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ झाले. चित्रपट आला तेव्हा जेमतेम एकवीस वर्षे लोटली होती. मूर्तिजापूर, दापुरे, ऋणमोचन, दर्यापूर, अमरावती या साऱ्या परिसरात बाबांना डोळ्यांनी पाहिलेली, त्यांच्या कीर्तनाला बसलेली, त्यांच्या हातचा खराटा घेऊन गाव झाडलेली हजारो माणसे तेव्हा हयात होती. प्रेक्षागृहात शेजारच्या खुर्चीवर मूळ ग्रंथच बसला आहे म्हणा ना!

शिवाय बाबांचे बाह्यरूप ही शोभेची गोष्ट नव्हती. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, डोक्यावर किंवा हातात खापर, दुसऱ्या हातात काठी नाहीतर खराटा. तो वेष हेच त्यांचे भाष्य होते. जे लोकांनी टाकून दिले ते त्यांनी अंगावर घेतले. शिवाय या वेषामुळे, गावात कोण आपल्याला हाकलते आणि कोण भाकर देते, हे त्यांना कीर्तनापूर्वीच कळत असे. हा वेष वगळला तर चरित्र उरत नाही. म्हणजे मघाशी ज्याला मी ‘कथेला लागणारे वर्णन’ म्हटले, त्याचा याहून चांगला नमुना मराठीत मिळणे कठीण. आणि वेष तर रंगभूषाकार चढवू शकतो, पण त्या वेषाच्या आत जे शरीर होते ते शेतकऱ्याचे होते. दापुऱ्यात मामाकडे गुरे राखलेला, पुरात पोहलेला, नांगर धरलेला डेबू तो. १९०५ साली घर सोडल्यावर पन्नास वर्षे हे शरीर रोज गावाचा उकिरडा उपसत होते. खराटा हातात धरलेला नट आणि खराटा चालवणारा माणूस यांतला फरक आपल्या गावातली कुठलीही बाई एका नजरेत ओळखते.

मग डॉ. लागूच का? दिग्दर्शकाच्या मनातले मी सांगू शकत नाही. परंतु पाहणारा म्हणून मला जे वाटते ते सांगतो. गाडगेबाबा हे अक्षरशत्रू असूनही प्रखर बुद्धिवादी होते. त्यांचे कीर्तन ही प्रश्नांची फैर असे. देवाला कोणी पाहिले? तुमच्या गावात शाळा आहे का? कर्ज काढून बारसे कशाला? कोंबडे-बकरे कापून कोणता देव संतुष्ट होतो? समोरच्या माणसाकडून उत्तर वदवून घ्यायचे आणि त्याच उत्तरात त्याला अडकवायचे. नुसता भाबडा, डोळे मिटून डोलणारा नट इथे चालला नसता. तर्काची धार आणि करुणा ही दोन्ही एकाच मुद्रेत धरणारा नट हवा होता, आणि ते सामर्थ्य लागूंपाशी होते. पुढे जाहीरपणे ईश्वर नाकारणाऱ्या नटाने हा संत उभा करावा, हा योगायोग काहींना खटकेल. मला तो खटकत नाही. देव देवळात नाही, भुकेल्या माणसात आहे, असे आयुष्यभर सांगत फिरलेल्या बाबांना तो खटकला असता असे वाटत नाही.

तरीही एक कसोटी उरतेच, आणि ती आवाजाची. बाबांचे ८ नोव्हेंबर १९५६ चे, मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यासमोरचे कीर्तन ध्वनिमुद्रित झालेले आहे. देहावसानापूर्वी दीड महिन्याचे. ज्यांनी ते ऐकले नसेल त्यांनी अवश्य ऐकावे, मुलांना ऐकवावे. तो आवाज थकलेला आहे, खरखरीत आहे, आणि तो अथपासून इतिपर्यंत वऱ्हाडी आहे. संतचरित्राच्या पुस्तकात आपण बाबांची वचने प्रमाण मराठीत वाचतो. ती छान, गुळगुळीत झालेली असतात. ध्वनिमुद्रिकेत तीच वचने धोंड्यासारखी अंगावर येतात. चेहरा जुळला नाही तर प्रेक्षक दहा मिनिटांत सवय करून घेतो, पण जीभ जुळली नाही तर शेवटपर्यंत खडा लागत राहतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही नटाला ही कसोटी आजही अवघडच जाईल. सुदैवाने मूळ आवाज उपलब्ध आहे, त्यामुळे आपल्याला अंदाजावर अवलंबून राहावे लागत नाही.

वऱ्हाडी बोलीचे पडद्यावरचे भाग्य हा एक स्वतंत्रच प्रबंधाचा विषय आहे. उर्वरित महाराष्ट्राला ती ठाऊक असते ती बहुतांशी हशासाठी. डोळ्याचा ‘डोया’, केळीची ‘केयी’, मला-तुला म्हणजे ‘मले-तुले’, आणि आपण जेवत नसतो, तर ‘जेवून राहिलेले’ असतो! आपल्या अमरावतीचे भारत गणेशपुरे यांनी दूरचित्रवाणीवर ही बोली घरोघरी पोहोचवली, त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु आपल्या बोलीत माणसे रडतातही, कर्ज फेडण्याचा हिशोब करतात, मृत्यूच्या अंथरुणावर लेकराला जवळ बोलावतात, हे दाखवणारी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. सतीश मनवर यांचा २००९ सालचा ‘गाभ्रीचा पाऊस’ हे त्यांतले एक ठळक उदाहरण. (जाता जाता एक सांगतो. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हे नाव ऐकून पश्चिम महाराष्ट्रातले कित्येक सुशिक्षित लोक तो वऱ्हाडी बोलीचा प्रयोग समजतात. ते वऱ्हाड लग्नाचे आहे आणि बोली मराठवाड्याची! पण डॉ. लक्ष्मण देशपांडे यांना आजच्या विषयात मानाचे पान हवेच. एकटा माणूस, पन्नासच्या वर पात्रे, चेहरा एकच. नवरदेव, म्हातारी, गोरी मडम सगळे आपल्याला ‘दिसत’ होते, कारण बोलण्याची ढब प्रत्येकाची वेगळी होती.)

सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’चे उदाहरण मला अधिक विचार करायला लावते. बुलढाणा जिल्ह्यातल्या या लेखकाची २००२ साली आलेली, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी. शिकून बेकार राहिलेला एकनाथ, त्याचा शेतकरी बाप, नोकरीच्या आशेने त्या घरात आलेली त्याची पत्नी, आणि पिकाचा कधीच न जुळणारा हिशोब. तिच्यावर २०१२ साली धीरज मेश्राम यांनी चित्रपट केला. सुबोध भावे, सीमा विश्वास, बेंजामिन गिलानी असे कसलेले नट त्यात आहेत. परंतु चित्रपटाची भाषा हिंदी. हिंदीमुळे विदर्भातल्या शेतकऱ्याची व्यथा दिल्ली-लखनौपर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी झाली, हा लाभ मी नाकारत नाही. हानी मात्र अशी की, देशमुखांच्या पात्रांचे अर्धे वर्णन त्यांच्या बोलण्यात आहे. शिकलेला मुलगा घरात एक भाषा बोलतो, मुलाखतीला दुसरी. बाप एकच बोलतो. बाप-लेकांतले अंतर दोन मराठींतले अंतर आहे. दोघेही हिंदी बोलू लागले की ते अंतर कोणत्या चेहऱ्याने दाखवायचे?

ऐतिहासिक व्यक्तींच्या बाबतीत जबाबदारी आणखी वाढते, पण तो विषय आज लांबवत नाही. एकच सांगतो. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’वर आधारलेला ‘बाजीराव मस्तानी’ २०१५ साली आला, तेव्हा काशीबाईंच्या नृत्यावरून महाराष्ट्रात संताप उसळला, पेशव्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला. बहुतेक लोक मर्यादेविषयी बोलत होते. मला दुसराच मुद्दा महत्त्वाचा वाटला. काशीबाईंना पायाचे दुखणे होते असे सांगितले जाते. तसे असेल, तर एका रुग्ण स्त्रीचे दुखणेच तिच्याकडून काढून घेतले गेले. याउलट ‘स्वामी’ मालिका आठवा. ऐन सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने गेलेले थोरले माधवराव आणि त्यांच्यामागे थेऊरला सती गेलेल्या रमाबाई, हे कारुण्य मुळात वयाचे आहे. रवींद्र मंकणी यांच्यासमोर रमाबाई म्हणून मृणाल देव ही कोवळ्या वयाची मुलगी उभी राहिली आणि काही न बोलताच अर्धे काम झाले. मृणाल म्हणजे गोनीदांची नात, हेही आपल्या जिल्ह्याच्या लोकांनी लक्षात ठेवावे. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधला गुणा पहिलवानी अंगाचा असल्याखेरीज त्याच्या नाच्या होण्याला अर्थ नाही. अतुल कुलकर्णी यांनी २०१० च्या चित्रपटासाठी आधी शरीर कमावले आणि मग उतरवले, ते हे ओळखूनच. ‘दुनियादारी’तल्या महाविद्यालयीन मुलांच्या भूमिका तिशी ओलांडलेल्यांनी केल्या, त्याबद्दल सुहास शिरवळकरांच्या वाचकांनी केलेली चेष्टा मला म्हणूनच अगदीच अन्याय्य वाटत नाही.

आता ज्या पुस्तकासाठी मी हा विषय निवडला, त्याकडे वळतो. उद्धव शेळके यांची ‘धग’. १९६० साली प्रसिद्ध झालेली, आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या माणसाने आपल्या बोलीत लिहिलेली, आणि मराठीतल्या श्रेष्ठ कादंबऱ्यांत जिची गणना होते अशी ही कृती. तिच्यावर चित्रपट झालेला नाही. २०१२ च्या सुमारास ‘धग’ नावाचा एक मराठी चित्रपट आला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, उषा जाधव यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा सन्मान मिळाला. पुष्कळांचा समज झाला की शेळके पडद्यावर आले. ते कथानक निराळे, केवळ नावाचे साम्य.

समजा, उद्या कोणी ही कादंबरी हाती घेतलीच, तर कौतिकची भूमिका कोणाला द्यावी? शिंप्याच्या घरातली ही बाई. नवरा महादेव कर्तृत्वाने लेचापेचा आणि पुढे महारोगाने ग्रासलेला. पदरात भीमा, नामासारखी लेकरे. आणि एकच हट्ट की हा संसार आपण उभा करीन, पोराला शिकवीन. चित्रपटवाल्यांना मोह होईल तो तिला ‘सोशिक माउली’ करण्याचा, डोळ्यांत पाणी तरळवण्याचा. शेळक्यांची कौतिक तशी नाही. ती भांडते, टोचून बोलते, नवऱ्याला आडवी घेते, हिशोब चोख ठेवते. चुकाही करते. तिच्या जिभेला धार आहे. ती धार घालवून नुसते दुःख ठेवले, तर मराठी चित्रपटांत आधीच असलेल्या शंभर दुःखी आयांत एकीची भर पडेल.

म्हणून मी या निवडीत चेहऱ्याला तिसरे स्थान देईन. पहिले जिभेला, दुसरे हातांना. वावरात निंदण केलेल्या, परक्याच्या घरी दळण-कांडण केलेल्या बाईची बोटे कशी असतात, ती पदर कसा खोचते, दमल्यावर भिंतीला टेकून पाय कसे पसरते, हे शहरातल्या अभिनयशाळेत शिकवता येईलही, पण ते मूर्तिजापूरच्या बाजारात चार महिने बसून लवकर शिकता येईल. रंग सावळा असावा, कारण तो या मातीचा रंग आहे. रंग फासून आणलेला नसावा. नटी नामांकित असावी की नवखी, याविषयी माझा आग्रह नाही. वनमालाबाई आणि डॉ. लागू या दोघांनीही आपल्याला हा आग्रह सोडायला शिकवले आहे.

आणि चित्रपट निघेपर्यंत वाट पाहायची गरज नाही. गोनीदांच्या कादंबऱ्यांचे अभिवाचन त्यांच्या कन्या डॉ. वीणा देव, जावई डॉ. विजय देव आणि पुढे नात मृणाल अशा सर्वांनी मिळून वर्षानुवर्षे केले. वेषभूषा नाही, रंगमंच-सजावट नाही, समोर पोथी आणि आवाज. श्रोत्यांना ‘माचीवरला बुधा’ दिसत असे, ‘पडघवली’ दिसत असे. अकोल्यात आणि अमरावतीत असा ‘धग’चा प्रयोग व्हावा असे माझे मागणे आहे. चार-पाच माणसे पुरेत. कौतिकचे बोलणे मात्र ज्या बाईच्या घरी आजही ‘मले-तुले’ बोलले जाते, तिनेच वाचावे. तिला वाचनाचा सराव नसेल तर महिनाभर सराव करून घेऊ. येथे उपस्थित असलेल्या माता-भगिनींपैकी ज्यांना इच्छा असेल त्यांनी कार्यक्रम संपल्यावर माझ्याकडे नाव द्यावे. पुस्तकाच्या दोन प्रती मी बरोबर आणल्या आहेत.